टेस्टच्या नावांचा नियम विकीतून काढून मर्जच्या अटींमध्ये आणा

प्रति,
सॉफ्टवेअर टीमचे टेक लीड, इंजिनिअरिंग मॅनेजर आणि रिव्ह्यूचे नियम ठरवणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कोणता कोड मेन ब्रँचमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य प्रतीत, जाईल आणि कोणता अडेल हे तुम्ही ठरवता. बिल्ड (कोड बांधून तपासण्याची आपोआप होणारी फेरी) तुटला तर मर्ज, म्हणजे बदल मेन ब्रँचमध्ये मिसळणे, अडतो. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, फेल झाली तर अडतो. बऱ्याच ठिकाणी एखादी ओळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब झाली तरी पुल रिक्वेस्ट (मर्जसाठी पाठवलेला बदल) लाल होते. पण 'टेस्ट_१', 'टेस्ट_न्यू', 'टेस्ट_हॅपी_पाथ_फायनल' अशा नावांच्या टेस्ट रोज बिनदिक्कत आत जातात. त्यांना कोणीही हटकत नाही. टीमच्या विकीवर 'नावे अर्थपूर्ण ठेवावीत' असे वाक्य असतेच, आणि ते कोणी उघडून वाचत नाही हेही सगळ्यांना माहीत असते. माझी मागणी अशी आहे की ऑटोमेटेड टेस्टच्या नावांचा नियम मशीनने तपासावा, आणि तो मोडला तर मर्ज अडावा.

मी टेस्ट ऑटोमेशनचे काम करते. लाल झालेले बिल्ड उघडून 'हे नेमके काय तुटले' हे शोधणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे हा विषय मला सौंदर्याचा किंवा आवडीनिवडीचा वाटत नाही. टेस्टचे नाव ती लिहिणाऱ्याच्या फारसे उपयोगाचे नसते, कारण लिहिताना सगळा संदर्भ त्याच्या डोक्यात ताजा असतो. ते उपयोगी पडते दुसऱ्या कुणाला, आणि तेही बऱ्याच काळानंतर. त्या माणसाने तो कोड कधी पाहिलेला नसतो, रिलीज थांबलेली असते आणि समोर सीआयच्या (प्रत्येक बदलावर बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगमधल्या दोनच ओळी असतात.

समजा नियम असा आहे: खरेदीपासून ३० दिवसांच्या आत, तिसावा दिवस धरून, ग्राहकाला पूर्ण परतावा मिळतो. त्यावर एक टेस्ट आहे आणि तिचे नाव 'टेस्ट_रिफंड_२'. कुणीतरी तारखांचा कोड आवरताना 'पेक्षा कमी किंवा समान' होते तिथे नुसते 'पेक्षा कमी' करून ठेवले. बिल्ड लाल झाला. लॉग म्हणतो: टेस्ट_रिफंड_२ फेल, अपेक्षित ट्रू, मिळाले फॉल्स. आता हा लॉग ज्याच्यासमोर आला त्याने काय समजायचे? कोड बिघडला असेल, नियम बदलून टेस्ट जुनी झाली असेल, किंवा टेस्टमधला डेटाच चुकला असेल. नाव यापैकी कशाकडेच बोट दाखवत नाही. मग तो टेस्ट उघडतो. आत एक ऑब्जेक्ट बनवलेला आहे, एक तारीख आहे, एक असर्ट (अपेक्षित उत्तर मिळाले का हे तपासणारी ओळ) आहे. ती तारीख मुद्दाम सीमेवरची निवडली आहे हे कुठेही लिहिलेले नाही. घाईच्या वेळी सगळ्यात सोपा उपाय दिसतो तो असर्टमधला ट्रू बदलून फॉल्स करण्याचा. रिव्ह्यूला एका ओळीचा बदल येतो, शीर्षक 'फिक्स टेस्ट', आणि तो मंजूर होतो. त्या क्षणापासून ती टेस्ट बगची राखणदार होते. पुढे कुणी तुलना पुन्हा बरोबर केली, तर हीच टेस्ट त्याला अडवेल.

आता तिचे नाव 'रिफंड_इज_अलाउड_ऑन_डे_३०' असते तर? लॉगच्या पहिल्याच ओळीत कळले असते की तिसाव्या दिवशी परतावा मिळायला हवा होता आणि तो मिळत नाहीये. असर्ट उलटा करणाऱ्याला नावही बदलावे लागले असते, आणि नाव बदलणे म्हणजे 'तिसाव्या दिवशी परतावा मिळत नाही' असे स्वतःच्या हाताने लिहिणे. हे लिहिताना माणूस थांबतो आणि प्रॉडक्टवाल्यांना विचारतो. नाव तसेच ठेवून फक्त असर्ट उलटला, तर ती विसंगती रिव्ह्यूअरला डिफमध्येच (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसते. चुकीची दुरुस्ती अवघड करणे हे चांगल्या नावाचे सगळ्यात मोठे काम आहे. वाचायला सोपे जाते वगैरे फायदे त्यानंतर.

नियमाची सक्ती म्हटले की काही जण नाक मुरडतात. पण टेस्टच्या नावांवर मशीनची सक्ती ही आजची गोष्ट नाही, ती पहिल्यापासून आहे. जावासाठीच्या जेयुनिट ३ या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये मेथडचे नाव 'टेस्ट' या शब्दाने सुरू झाले नाही तर फ्रेमवर्क ती चालवतच नसे. २००६ मध्ये आलेल्या जेयुनिट ४ ने अ‍ॅनोटेशन (मेथडवर लावायची खूण) आणले आणि नाव त्या बंधनातून मोकळे झाले. २०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये तर 'डिस्प्लेनेम' देऊन रिपोर्टमध्ये दिसणारे पूर्ण वाक्यच लिहिता येते. पायथॉनमधली पायटेस्ट आजही मुळात 'टेस्ट_' ने सुरू होणाऱ्या किंवा '_टेस्ट' ने संपणाऱ्या फाइलींमध्येच शोध घेते. गो भाषेत फाइलचे नाव '_टेस्ट' ने संपावे लागते आणि फंक्शनच्या नावात 'टेस्ट' नंतरचे अक्षर छोट्या लिपीतले चालत नाही. ही बंधने आपण निमूट पाळतो. आपण मागतो आहोत ते त्यापुढचे एक पाऊल आहे.

आणि ही बंधने नकळत मोडली तर काय होते, ते जास्त गंभीर आहे. पायटेस्टच्या प्रोजेक्टमध्ये कुणी 'चेकआउट_टेस्ट्स' नावाची फाइल ठेवली, शेवटी अनेकवचन, तर ती ठरलेल्या साच्यात बसत नाही. तिच्यातली एकही टेस्ट चालत नाही आणि एररही येत नाही. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट एक्झिट कोड ५ देऊन बिल्ड पाडते खरी, पण बाकीच्या फाइलींमधल्या टेस्ट चालतच असतात, त्यामुळे बिल्ड हिरवाच राहतो. जावातून आलेल्या माणसाकडून हे सहज होते, कारण जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनाचे शुअरफायर प्लगिन 'टेस्ट्स' ने संपणारा क्लास बिनतक्रार उचलते. त्याच शुअरफायरला 'आयटी' ने संपणारे इंटिग्रेशन टेस्टचे क्लास मात्र दिसत नाहीत. ते फेलसेफ नावाच्या वेगळ्या प्लगिनचे काम. फेलसेफ कॉन्फिगर करायचे राहून गेले असेल, तर ते क्लास महिनोन्‌महिने नुसते कंपाइल होत राहतात.

पायथॉनमधला आणखी एक प्रकार प्रत्येक लीडने एकदा तरी आपल्या कोडवर तपासावा. एक टेस्ट कॉपी केली, खाली पेस्ट केली, आतला डेटा बदलला आणि नाव बदलायचे राहिले. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शने. पायथॉन काहीही न बोलता दुसरे ठेवते आणि पहिले त्याखाली गाडले जाते. पहिली टेस्ट आता अस्तित्वात आहे ती फक्त फाइलमध्ये. ती उघडून वाचली तर सगळे व्यवस्थित दिसते. जावा आणि गो अशा वेळी कंपाइलच होत नाहीत. जावास्क्रिप्टमधली जेस्ट दोन्ही चालवते, पण रिपोर्टमध्ये सारख्याच नावाच्या दोन ओळी येतात आणि कोणती फेल झाली ते ओळखता येत नाही. गोमधल्या सबटेस्टची (टेस्टच्या आतल्या टेस्टची) नावे सारखी निघाली तर गो दुसरीला '#०१' असे शेपूट जोडते, म्हणजे निदान ती हरवत नाही. पायथॉनसाठी उपाय तयार आहे: रफ आणि पायलिंट हे लिंटर, म्हणजे कोड न चालवता चुका दाखवणारी साधने. त्यातला रफचा एफ८११ हा नियम किंवा पायलिंटचा 'फंक्शन-रीडिफाइन्ड'. पण कित्येक प्रोजेक्टमध्ये लिंटरच्या कॉन्फिगरेशनमधून 'टेस्ट' फोल्डर सरसकट वगळलेले असते, कारण कधीतरी कुणाला त्या इशाऱ्यांचा कंटाळा आला होता. हे वगळणे आजच्या आज काढा. या पत्रातली बाकी एकही गोष्ट पटली नाही तरी एवढे करा.

आता नियम कसा असावा. साचा कोणता, यावर मी हट्ट धरणार नाही. २००५ मध्ये रॉय ओशेरोव्ह यांनी सुचवलेला तीन भागांचा साचा अनेकांच्या परिचयाचा आहे: काय तपासतोय, कोणत्या परिस्थितीत, आणि काय अपेक्षित. दुसरीकडे २००६ च्या सुमारास डॅन नॉर्थ यांनी मांडलेल्या विचारातून 'शुड' ने सुरू होणारी वाक्ये रुळली. दोन्ही चालतात. माझा स्वतःचा कल साध्या वर्तमानकाळातल्या विधानाकडे आहे: 'एक्स्पायर्ड_टोकन_इज_रिजेक्टेड'. 'शुड' प्रत्येक ओळीत आला की डोळा त्यावरून घसरतो आणि कामाचे शब्द उजवीकडे ढकलले जातात. तीन भागांच्या साच्यात मला एक खरी अडचण दिसते. पहिल्या भागात मेथडचे नाव लिहिण्याची सवय आहे, आणि रिफॅक्टरिंगमध्ये (वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारताना) मेथडचे नाव बदलले की एडिटर कोडमधले सगळे उल्लेख बदलतो, पण टेस्टच्या नावात गुंफलेला तुकडा तसाच राहतो. काही काळाने टेस्ट अशा मेथडबद्दल बोलू लागते जी आता कुठेच नाही. म्हणून पहिल्या भागात मेथडऐवजी वागणूक किंवा विषय लिहा: 'टोकन', 'परतावा', 'लॉगिन'.

तिकीट क्रमांक (कामांची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरमधला क्रमांक) नावात नको. ट्रॅकर बदलला की तो क्रमांक कोणालाच उघडता येत नाही, आणि उघडला तरी लाल बिल्ड समोर असताना दुसऱ्या सिस्टिममध्ये जाऊन वाचायला लावणे हा त्रासच. क्रमांक टॅगमध्ये किंवा कॉमेंटमध्ये ठेवा.

एका रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) एकच साचा असावा, यावर मात्र मी ठाम आहे. चार साचे चांगले असले तरी एकत्र नांदले की फिल्टर करून टेस्ट चालवता येत नाहीत आणि रिपोर्टची यादी वाचता येत नाही. नावे नीट असतील तर त्या यादीवरून प्रॉडक्ट मॅनेजरलाही कळते की परताव्याचे कोणते नियम तपासले जातात आणि कोणते नाहीत. न लिहिलेली टेस्ट हुडकण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

मशीन काय तपासू शकते? बरेच काही. साच्याचे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर साच्यात बसतो का हे पाहणारे सूत्र), नावातल्या शब्दांची किमान संख्या, शेवटी नुसता आकडा असल्यास नकार ('डे_३०' सारख्या अर्थपूर्ण आकड्यांना सूट देऊन), एकाच फाइलमधली सारखी नावे, आणि काही शब्दांवर बंदी: 'वर्क्स', 'करेक्टली', 'बेसिक', 'मिस्क', 'प्रॉपर'. 'वर्क्स करेक्टली' हे कोणत्याही टेस्टला लावता येते, म्हणजे ते काहीच सांगत नाही. जावासाठी चेकस्टाइल या लिंटरमध्ये मेथडच्या नावाचा साचा देता येतो. ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरसाठीच्या जेस्ट प्लगिनमध्ये 'व्हॅलिड-टायटल' आहे, त्यात नको असलेले शब्द आणि हवा असलेला साचा दोन्ही सांगता येतात, आणि सारख्या शीर्षकांसाठी 'नो-आयडेंटिकल-टायटल' वेगळा आहे. पायटेस्टमध्ये टेस्ट गोळा झाल्यानंतरच्या हुकमध्ये (त्या टप्प्यावर आपला कोड जोडण्याच्या जागेत) थोड्या ओळी लिहून हवी ती तपासणी करता येते. गोच्या १.२४ आवृत्तीपासून 'गो टेस्ट' चालवतानाच टेस्टची चुकीची नावे पकडणारा अ‍ॅनालायझर चालतो. म्हणजे साधने नाहीत अशी सबब उरलेली नाही.

पॅरामीटर दिलेल्या टेस्ट विसरू नका. एकाच टेस्टला वीस प्रकारचा डेटा दिला आणि प्रत्येक प्रकाराला नाव दिले नाही, तर पायटेस्ट ऑब्जेक्टच्या जागी 'ऑर्डर०', 'ऑर्डर१' असे काहीतरी छापते. म्हणजे फेल झालेल्या टेस्टची ओळख पुन्हा नुसता आकडाच. प्रत्येक प्रकाराला आयडी, म्हणजे नाव, देणे सक्तीचे करा. जेयुनिट ५ मध्येही पॅरामीटर टेस्टला नावाचा साचा देता येतो.

मशीनला जे कळत नाही ते म्हणजे नाव खरे आहे का. 'एम्प्टी_कार्ट_रिटर्न्स_एरर' हे नाव सगळे नियम पार करेल आणि आत एकही असर्ट नसेल. ते पाहण्यासाठी माणूस लागतो. रिव्ह्यूअरांना एक सवय लावा: आधी फक्त नाव वाचायचे, आत काय असेल ते मनात ठरवायचे, मग टेस्ट उघडायची. अंदाज आणि कोड जुळत नसतील तर कॉमेंट तिथेच. रूप तपासण्याचे ओझे मशीनने उचलले की रिव्ह्यूअरकडे या कामासाठी लक्ष शिल्लक राहते.

'रिव्ह्यूत पकडू की, मर्ज अडवायची काय गरज,' असे मला अनेकदा ऐकवले जाते. रिव्ह्यूत नावाबद्दल कॉमेंट करणाऱ्याला किरकोळ गोष्टीत खुसपटे काढणारा म्हटले जाते. नवख्या मुलामुलींना ती टीका स्वतःवरची वाटते, आणि सिनिअरच्या नावाला 'हे कळत नाही' म्हणायचे धाडस तर फारच थोडे जण करतात. मशीन कुणाचा हुद्दा पाहत नाही. तिचा नकार सगळ्यांना सारखा, म्हणून तो कुणाला लागत नाही. ज्या टीममध्ये ज्युनिअर जास्त आहेत, तिथे तर ही सक्ती त्यांच्या बाजूची आहे.

'नावे फार लांब होतील.' होऊ द्या. इतर फंक्शनची नावे आपण ठिकठिकाणी टाइप करतो, म्हणून ती आटोपशीर हवीत. टेस्टचे फंक्शन कोडमधून कुणी बोलावत नाही, ते फ्रेमवर्क बोलावते. नाव एका दमात वाचून होत नसेल तर बहुधा ती टेस्ट एकाच वेळी दोन गोष्टी तपासते आहे, आणि तिचे दोन तुकडे करण्याची ती सूचना समजा.

खरा अवघड प्रश्न जुन्या टेस्टचा आहे. हजारो टेस्ट आहेत, सगळ्यांची नावे कोण बदलणार? सगळी बदलूच नका. एका झटक्यात नामांतराची मोहीम काढणे धोक्याचे आहे. सीआयचा इतिहास टेस्टच्या नावावर बांधलेला असतो: ही टेस्ट कधीपासून अधूनमधून फेल होते, सरासरी किती वेळ घेते, हे सगळे नावावरून जोडले जाते. नाव बदलले की साधनाच्या दृष्टीने जुनी टेस्ट मेली आणि नवी जन्मली. वगळायच्या किंवा वेगळ्या ठेवलेल्या लहरी टेस्टच्या याद्याही नावानेच असतात. नाव बदलल्यावर ती टेस्ट यादीतून निसटते आणि भलत्याच माणसाचा बिल्ड पाडते. म्हणून आजच्या उल्लंघनांची यादी फाइलमध्ये गोठवून ठेवा आणि नियम फक्त नव्या व हात लावलेल्या टेस्टना लावा. गोठवलेली यादी लहान होऊ शकते, वाढू शकत नाही, एवढी अट पुरे. सगळ्यात जास्त वेळा लाल होणाऱ्या टेस्टची नावे मात्र जाणीवपूर्वक आधी सुधारा, वगळण्याच्या याद्यांमधला उल्लेख त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) बदलून.

आणखी एक आकडा पहाऱ्यावर ठेवा: गोळा झालेल्या टेस्टची संख्या. पायटेस्टमध्ये 'कलेक्ट-ओन्ली' चालवून ती मिळते. पुल रिक्वेस्टने टेस्ट फाइल वाढवली आणि संख्या तेवढीच राहिली किंवा घटली, तर बिल्डने विचारले पाहिजे. वर सांगितलेल्या गाडल्या गेलेल्या आणि न उचललेल्या टेस्ट यातून लगेच उघड्या पडतात.

हल्ली टेस्टचा मोठा भाग कोड लिहिणारे एआय असिस्टंट लिहून देतात. मिनिटभरात पंधरा टेस्ट येतात, नावे व्याकरणशुद्ध असतात आणि त्यातल्या कित्येकांत 'हँडल्स एज केसेस' छापाचे शब्द असतात. कोणती एज केस, म्हणजे सीमेवरची कोणती परिस्थिती? वेग वाढल्यावर रिव्ह्यूअर प्रत्येक नाव वाचेल ही अपेक्षा आणखी अवाजवी होते. नियम रिपॉझिटरीत लिहिलेला आणि तपासला जाणारा असेल तर ही साधनेही त्याप्रमाणे नावे देतात, कारण त्यांना एरर परत मिळतो आणि ती दुरुस्त करतात.

नियम लागू करताना त्याच्या एररमध्ये फक्त 'नाव अवैध' असे लिहू नका. काय चुकले, का चुकले, आणि याच रिपॉझिटरीतले एक चांगले नाव, एवढे तिथेच दाखवा. अपवादाला वाट ठेवा, पण कारण लिहिण्याच्या अटीवर. आणि साचा वरून लादू नका. टीममधले जे टेस्ट लिहितात आणि जे रात्री लाल बिल्ड पाहतात, त्या दोघांना बसवून एका तासाच्या बैठकीत ठरवा. साचा थोडा कमीजास्त झाला तरी चालेल, पण तो सगळ्यांचा असावा.

सुरुवात पुढच्या स्प्रिंटमध्ये (टीमच्या कामाच्या ठरावीक टप्प्यात) करता येईल. पहिल्या आठवड्यात नियम इशारा म्हणून चालवा, मर्ज न अडवता, आणि किती टेस्ट त्यात अडकतात ते टीमसमोर ठेवा. त्यानंतर जुन्यांची यादी गोठवा आणि नव्यांसाठी मर्ज अडवा. हे कॉन्फिगरेशन बदलण्याचा अधिकार टेस्ट लिहिणाऱ्यांकडे सहसा नसतो, तुमच्याकडे असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपली,
एक टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर